गुलाबी फितीचे राजकारण

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आमच्या परळच्या कार्यालयात स्तनकर्करोगाविषयी जागृतीसाठी गुलाबी फिती वाटतात. स्त्रीवाद्यांचा त्यावर आक्षेप का असतो? – एक वाचक, दादर

उत्तर : आक्षेप जागृतीला नसून तिच्या मालकीला आहे. अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झालेल्या जागृती-महिन्यामागे टॅमॉक्सिफेन हे स्तनकर्करोगावरील औषध बनवणारी इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज होती आणि तीच कंपनी कीटकनाशकेही बनवत असे. त्यामुळे पर्यावरणातील कारणे बाजूला राहून सारा भार एकेकट्या बाईच्या दक्षतेवर पडला, असे टीकाकार मानतात. तपासणी मात्र निरर्थक नव्हे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईत केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. फितींऐवजी कार्यालयाने तपासणी व उपचारांसाठी भरपगारी रजा मंजूर केली, तर मला तरी आक्षेपाचे कारण दिसणार नाही.