टर्कीचं पीस गुंडाळताना फाटतं, काय करू?

प्रश्न: काका, मी इंदूरला सुदामानगरात राहतो. मे महिन्यात मेहुण्याबरोबर हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट मासे धरायला जायचंय म्हणून घरीच ड्राय फ्लाय, म्हणजे हुकावर पीस-धागा गुंडाळून केलेला पाण्यावर तरंगणारा खोटा किडा, बांधायला शिकतोय. महूकडे ओळखीचे एक जण टर्की पाळतात, त्यांनी पिशवीभर पिसं दिली. पण बॉडी करायला घेतलं की तंतू मधेच उभा चिरतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी सुटून येतो. पीस खराब आहे का माझा हात?

उत्तर: पीस पण चांगलं आणि हात पण, तू फक्त कोरडं गुंडाळतोयस. आणि मला वाटतं तंतू पण चुकीच्या बाजूचा घेतोयस, कारण पिशवीभर म्हणजे त्यात अंगाची, शेपटीची, पंखाची सगळीच असणार. तुला हवीत पंखातली मोठी उडायची पिसं. असं एक पीस हातात घेऊन बघ, दांड्याच्या एका बाजूला रुंद मऊ पातं असतं आणि दुसऱ्या बाजूला आखूड, ताठ, टोकदार तंतूंची अरुंद पट्टी. ही अरुंद बाजू आपली, यातल्या एकेका तंतूला बायॉट म्हणतात. बदकाच्या जातीतल्या गूजचे पण बायॉट असतात पण ते आखूड, टर्कीचा लांब असतो म्हणून 14 किंवा 16 नंबरच्या हुकाची अख्खी बॉडी एकात होते. 12 नंबरचा हुक मोठा, त्याला सगळ्यात लांब तंतू शोधून ठेव.

आता मुख्य गोष्ट. बायॉट कापू नको, दांड्यापासून खाली ओढून सोलून काढ म्हणजे बुडाशी छोटी खाच शाबूत राहते. मग वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात टाकून दे आणि तोवर हुकावर धागा चढव. मी तर पोहे खायला बसण्याआधी दहाबारा बायॉट भिजत घालतो, खाऊन उठेपर्यंत मस्त लवचिक झालेले असतात. भिजलेला बायॉट चिरत नाही, तुझा अर्धा प्रॉब्लेम इथेच संपला.

बांधायचा टोकाकडून, बुडाकडून नाही. टोक बारीक असतं म्हणून शेपटीकडे बॉडी बारीक येते आणि हुकाच्या डोळ्याकडे येता येता आपोआप जाड होत जाते, खऱ्या मे-फ्लायचं, म्हणजे ज्या पाणकिड्याची आपण नक्कल करतो त्याचं, पोट असंच असतं, दहा खंडांचं, आणि ते खंड दिसावेत म्हणून तर एवढा खटाटोप. पहिला वेढा घेऊन थांब आणि बघ. कडेला बारीक केसाळ झालर उभी राहिली तर एक बाजू वर आहे, गुळगुळीत आली तर दुसरी, ती खाच कुठे तोंड करून आहे त्यावर हे ठरतं. दोन्ही चालतात, पण एका फ्लायवर एकच ठेव, आणि हवी ती नसेल आली तर सोडून उलटा करून परत बांध. मला स्वतःला झालरवाली आवडते, खंड जास्त उठून दिसतात.

सुटण्याबद्दल. खालचा धाग्याचा थर गुळगुळीत हवा, खड्डे असतील तर बायॉट तिथे घसरतो. त्या थरावर फेविक्विकचा अगदी पुसट हात फिरव आणि ओला असतानाच वेढे घे. पकडायला हॅकल प्लायर, म्हणजे पीस धरायचा छोटा चिमटा, नसेल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली क्रोकोडाइल क्लिप घे, दातांवर टेप गुंडाळ नाहीतर तीच तंतू कापेल.

एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो की टर्कीच्या बॉडीने फ्लाय तरंगते. बायॉटची बॉडी बारीक, ती काही फार तरंगवत नाही, फ्लाय उभी राहते ती शेपटीच्या ताठ तंतूंवर आणि हॅकलवर, म्हणजे पुढे गोल गुंडाळलेल्या कोंबड्याच्या पिसावर. म्हणून हॅकलमध्ये कंजूषी करू नको. आपल्याकडच्या साध्या कोंबड्याच्या मानेचं पीस बुडाशी मऊ असतं आणि पाणी पितं, तो भाग टाकून वरचा चकचकीत भागच वापर. फ्लोटंट, म्हणजे फ्लाय तरंगत राहावी म्हणून लावायचं द्रव्य, लाव आणि निघायच्या आधी घरी बादलीत टाकून बघ.

पिसं आणल्या आणल्या शाम्पूने धू, पूर्ण वाळव, मग पिशवी बंद करून थोडे दिवस फ्रीझरमध्ये ठेव, किडे असतात. घरात कोणी ओरडलं तर डब्यात बंद करून ठेव. नंतर साठवताना डांबराच्या गोळ्या. पांढरं पीस असेल तर लोकरीच्या रंगात थोडं व्हिनेगर घालून छान रंगतं, पाणी गरम हवं पण उकळतं नको. नुसत्या कडक चहात ठेवलं तरी हलका बदामी येतो. तपकिरी-करडं पीस असेल तर रंगवूच नको, तसंच सुंदर दिसतं. आणि परमिट आधी काढ, ट्राउटची बंदी नोव्हेंबर ते फेब्रुवारी असते तेव्हा मे ठीक आहे.

प्रश्न: माझा भाऊ कॅनडात फ्लाय बांधतो, तो म्हणतो टर्कीपेक्षा मोरपिसाची बॉडी भारी. आमच्या शेतात मोरपिसं पडलेली मिळतात. मी वापरू का, आणि त्याला पाठवली तर चालेल?

उत्तर: ताई, स्वतः वापरा, पाठवू मात्र नका. आपोआप गळलेलं पीस घरी ठेवायला हरकत नाही, पण मोर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि मोरपीस परदेशी पाठवायला बंदी आहे. भावाला तिकडेच घ्यायला सांगा.

भारी का हे मात्र तो बरोबर सांगतो. मोरपिसाच्या डोळ्याजवळचा तंतू घ्या आणि साध्या खोडरबरने त्याची लव घासून काढा, की उरतो एक सपाट दोरा, एक कड काळी आणि एक फिकी. गुंडाळला की आपोआप पट्टे पडतात. क्विल गॉर्डन नावाची अमेरिकेतली जुनी ड्राय फ्लाय याचीच. पण हा तंतू टर्कीपेक्षा नाजूक, माशाच्या एका दाताने तुटतो, म्हणून वरून उलट्या दिशेने बारीक तांब्याची तार फिरवा, जुन्या मोटारीच्या वाइंडिंगमधली चालते. हा पण भिजवूनच.