नर्सिंग सोडून एआयसाठी डॉक्युमेंटेशन लिहायला जाऊ का?

प्रश्न: मी बी.एस्सी. नर्सिंग केलं आहे. मिरजेच्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिसिन वॉर्डला आहे. पुण्यातल्या एका हेल्थ-सॉफ्टवेअर कंपनीने टेक्निकल रायटर म्हणून बोलावलंय. एआय एजंटना पेशंटचं रेकॉर्ड शोधता यावं म्हणून ते एक टूल बनवत आहेत, त्याचं डॉक्युमेंटेशन लिहायचंय. मला कोडिंग येत नाही. आई-बाबा म्हणतात, हातची नोकरी सोडू नकोस. आणि यंत्राने वाचायचं ते यंत्रच लिहील ना?

उत्तर:

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

एजंट म्हणजे दिलेलं काम टूल वापरून स्वतः पार पाडणारा एआय प्रोग्राम. त्याला टूल कसं कळतं? टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती द्यायची त्याची यादी, एवढंच त्याच्यासमोर असतं. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४मध्ये खुला केलेला मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एआयला बाहेरची टूलं जोडण्याची ठरलेली पद्धत) हाच साचा वापरतो. इंजिनिअरला डॉक्युमेंटेशनमधलं काही कळलं नाही तर तो शेजारच्याला विचारतो. एजंट बहुतेक वेळा विचारत नाही, लिहिलंय त्यावरून पुढे जातो. म्हणून इथे वर्णनातलं एखादं वाक्य राहून गेलं, तर टूलच चुकीचं वापरलं जातं.

आता तुझ्या वॉर्डातलंच उदाहरण घे. केसपेपरवर ॲलर्जीचा रकाना कोरा आहे आणि पेनिसिलिनची ऑर्डर आली आहे. तू काय करतेस? पेशंटला, नातेवाइकांना विचारतेस. कोरा रकाना म्हणजे ॲलर्जी नाही, असं तू कधीच धरत नाहीस. आरोग्य नोंदींच्या देवाणघेवाणीचं एफएचआयआर नावाचं मानक आहे (बोलताना सगळे ‘फायर’ म्हणतात). त्यातही ‘माहीत असलेली ॲलर्जी नाही’ ही वेगळी नोंद करता येते. शोध रिकामा आला, तर त्याचा अर्थ एवढाच की या निकषांत बसणारी नोंद सापडली नाही. पण वर्णनात तसं सांगितलं नसेल, तर एजंट रिकाम्या यादीवरून डॉक्टरांना बेधडक ‘ॲलर्जी नाही’ असं सांगू शकतो. इंजिनिअरला हा नियम माहीत असतो. मात्र तो वर्णनाच्या पहिल्या ओळीत यायला हवा, हे स्वतः इंजेक्शन दिलेल्या माणसाला लगेच जाणवतं.

औषधांचंही तसंच. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध, प्रत्यक्ष दिलेला डोस आणि ‘मी घरी ही गोळी घेतो’ असं पेशंटने सांगितलेलं, या तीन गोष्टी या मानकात तीन वेगळ्या प्रकारच्या नोंदी आहेत. ऑर्डर आणि चार्टवरची सही यातला फरक तुला कुणी शिकवायला नको. रक्तातली साखर कुठे मिलिग्रॅममध्ये असते, कुठे मिलिमोलमध्ये. आकडा सुमारे अठरा पटींनी बदलतो. एकक न सांगता आकडा देऊ नये, हेही कुणीतरी लिहावंच लागतं.

काही गोष्टी मात्र तुला नव्याने कळतील. नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला एखादा शोध-निकष ओळखता आला नाही, तर तो निकष सोडून देऊन उरलेल्यांवर उत्तर देण्याची मुभा त्याला या मानकात आहे. तू मागितल्या गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी. तारखेचा निकष चुकीचा लिहिला गेला आणि सगळ्या वर्षांच्या आल्या. खरोखर कोणते निकष लागू झाले ते उत्तरात दिलेलं असतं, पण ते तपासायला एजंटला सांगावं लागतं. लांबलचक निकाल पानापानांनी येतात. पहिल्याच पानावर थांबलं तर कदाचित नेमका हवा तो रिपोर्टच राहून जातो.

यंत्र कच्चा मसुदा लिहील, आणि चांगला लिहील. तुमचा सर्व्हर कुठे वेगळा वागतो, तुमच्या हॉस्पिटलांत नोंदी खरंच कशा भरल्या जातात, हे मात्र तपासूनच कळतं. म्हणून माझं स्पष्ट मत: इंजिनिअरची टिपणं नीट इंग्रजीत उतरवणं एवढंच काम असेल, तर जाऊ नकोस, कारण ते काम आटत चाललंय. चाचण्या घेऊन एजंट कुठे चुकतो ते शोधण्याचं काम असेल, तर जरूर जा.

कोडिंगची धास्ती नको. जेसन (माहिती मांडण्याची एक पद्धत) वाचता येणं, पोस्टमन नावाच्या सॉफ्टवेअरवरून सर्व्हरला विनंती पाठवणं, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट आणि साध्या खुणांनी मजकूर मांडायचं मार्कडाउन, इतक्यावर सुरुवात होते. सरावासाठी हॅपी एफएचआयआर या सॉफ्टवेअरचा खुला टेस्ट सर्व्हर आहे, आणि सिंथिया हे मोफत सॉफ्टवेअर काल्पनिक पेशंटच्या नोंदी तयार करून देतं. तुझ्या वॉर्डातल्या खऱ्या पेशंटची एकही ओळ, नाव काढूनसुद्धा, सरावाला वापरायची नाही. आपल्याकडच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनची, २०२१च्या सप्टेंबरात देशभर सुरू झालेल्या योजनेची, रचना याच मानकावर आहे. चौदा अंकी आभा क्रमांक (प्रत्येकाचा आरोग्य-ओळख क्रमांक) आणि पेशंटची संमती तिथे कशी चालते ते वाच. त्यासाठीचे भारतीय साचे बनवणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत आहे; साचे इंटरनेटवर मोफत वाचता येतात.

मुलाखतीला जाण्याआधी एक नमुना कर. ॲलर्जी शोधणाऱ्या टूलची दोन वर्णनं लिही, एक त्रोटक आणि एक तुझ्या पद्धतीचं. दोन्हींवर तेच प्रश्न एजंटला विचार आणि उत्तरांतला फरक पानभर मांड. कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा हे पान जास्त बोलेल.

आई-बाबांची काळजी रास्त आहे. ऑफर लेटर हातात पडल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस, प्रोबेशनच्या अटी वाच, आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी वेळेवर नूतनीकरण करत राहा. मग वॉर्डात परतायचा रस्ता मोकळा राहतो. सरकारी भरतीचा निकाल यायचा असेल, तर तेवढं थांब.

कंपनीला मात्र विचार: रायटरला टेस्ट सर्व्हर वापरायला मिळतो का? वर्णन बदललं की एजंटची चाचणी पुन्हा कोण घेतं? पेशंटला धोका होईल अशी चूक मला सापडली, तर रिलीज कोण थांबवतं? तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी नेमकं माणूस किंवा पद सांगितलं, तर पुढचं बोलणं कर. ‘बघू तेव्हा’ असं उत्तर आलं, तर ही ऑफर सोड आणि तोच नमुना घेऊन दुसरीकडे अर्ज कर.