तीन सर्व्हिस सेंटर कुठे काढायची, हे गणिताने ठरवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की भोर, वाई, महाड, पोलादपूर या पट्ट्यात पॉवर टिलरची तीन सर्व्हिस सेंटर काढायची आहेत, बारा जागा हेरून ठेवल्यात आणि साहेबांना उत्तर "गणितानेच" हवंय. मी अशाच एका कंपनीच्या सर्व्हिस विभागात होतो, त्यामुळे हात पोळलेल्या माणसाचं उत्तर समजा.

ठरवता येतं. फक्त गणित आधी तुम्हालाच विचारतं, नेमकं कमी काय करायचंय?

समजा एकच रस्ता आहे. सुरुवातीच्या गावात ४० मशिनं, १० किमीवरच्या गावात २०, ६० किमीवरच्या गावात ३०. सेंटर एकच काढायचंय. मेकॅनिकची एकूण धावपळ कमी करायची तर सेंटर १० किमीवरच्या गावात. प्रत्येक मशीनमागे एक फेरी धरली तर एका बाजूचं अंतर १९०० किमी भरतं. पुष्कळ जण सरासरी काढून २२व्या किलोमीटरवर खूण करतात, तिथे तेच २२६० होतं. आणि साहेब म्हणाले की सगळ्यात लांबच्या गिऱ्हाइकालाही फार लांब पडू नये, तर जागा ३०व्या किलोमीटरवर सरकते. एकूण २५०० होतं, पण ३० किमीपेक्षा लांब कोणीच राहत नाही. साहेबांशी काय ते भांडण इथेच उरकून घ्या. "दोन तासांत मेकॅनिक दारात" असा शब्द दिला असेल तर हिशोब आणखी वेगळा: तीन सेंटरांतून दोन तासांच्या आत जास्तीत जास्त मशिनं कशी येतील? हे मॉडेल चर्च आणि रेव्हेल यांनी १९७४ मध्ये मांडलं. अँब्युलन्स आणि अग्निशमन केंद्रांच्या जागांसाठीही ते वापरतात.

आकडेमोडीला घाबरू नका. बारातून तीन निवडायचे प्रकार २२० होतात, एक्सेलमध्ये एकेक तपासून बघता येतात. सॉल्व्हरच्या, म्हणजे सर्वोत्तम उत्तर आपोआप शोधणाऱ्या साधनाच्या, नादी लागलात तर, समजा ४० गावं असतील, ४० गावं गुणिले १२ जागा म्हणजे ४८० चलं, आणि एक्सेलमधला साधा सॉल्व्हर २०० वर थांबतो. मग फुकटातलं ओपनसॉल्व्हर घ्या. एकूण अंतराचाच प्रश्न असेल तर रस्त्यात अधेमधे जागा शोधायचीही गरज नाही. गावं आणि रस्ते मिळतात ते नाके यांतच सर्वोत्तम उत्तर सापडतं, हे हकिमी यांनी एका सेंटरसाठी १९६४ मध्ये आणि अनेक सेंटरांसाठी १९६५ मध्येच सिद्ध केलंय.

आम्ही माती खाल्ली ती अंतरांत. नकाशावरून हवाई अंतरं घेतली आणि मॉडेलने महाडकडची गावं बिनदिक्कत भोरच्या सेंटरला जोडून टाकली. मध्ये अख्खा सह्याद्री! डीलर मीटिंगला तक्ता पडद्यावर लावला तर मागून एक जण म्हणाला, "साहेब, एकदा जुलैत या की वरंध्यातून." लोक हसले, मीही हसलो, पण पोटात गोळा आला. भोर-महाड जोडणारा वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे वारंवार बंद ठेवतात, आणि कोकणात भाताची चिखलणी असते नेमकी जून-जुलैत. म्हणजे टिलर बंद पडायचे तेव्हाच, आणि रस्ता बंद तोही तेव्हाच.

त्यानंतर किलोमीटर सोडून जीपला लागणारी मिनिटं धरली, पावसाळ्याची वेगळी आणि एरवीची वेगळी. कोणत्या गावाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवायला विकलेल्या मशिनांऐवजी सीझनमधले दुरुस्तीचे कॉल घेतले. वर्षभराचा सगळा आकडा एकत्र घेतला असता तर महाडचं सेंटर कागदावर तोट्याचं दिसत होतं. पावसाळ्याचा तक्ता लावला आणि पहिला नंबर त्याचाच आला.

तुमच्या बारा जागांची मिनिटं काढून झाली की इथे टाका. २२० प्रकार चालवून बघायला अर्धा तास पुरे. मिनिटं मात्र मॅपवरून घेऊ नका, ड्रायव्हरला विचारा.