तो आणतो म्हणून मी पिते

कॅन्सरचं निदान झालेलं कुटुंब माझ्याकडे येतं तेव्हा सोबत बहुधा दोन पिशव्या असतात. एकीत फाईल, बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनच्या फिल्म्स, डिस्चार्ज कार्ड. ती आल्या आल्या टेबलावर येते. दुसरी खुर्चीखाली, पायांच्या आड. तिच्यात बाटल्या, पुड्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेली मुळं. बोलता बोलता कधीतरी आवाज खाली जातो आणि प्रश्न येतो, "मॅडम, केमो घ्यावंच लागेल का? देशी औषधानं नाही होणार? आणि खायचं काय?"

जळगावात समुपदेशक म्हणून हे काम करताना मला 21 वर्षं झाली. जामनेर, पाचोरा, चोपडा, धरणगाव, माणूस कुठूनही येवो, हा प्रश्न ठरलेला. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तो चार जणांनी विचारला, म्हणून हे लिहायला बसले. ज्यांची गोष्ट सांगतेय त्या आक्कांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

आक्का अमळनेर तालुक्यातल्या. वय 54. डाव्या स्तनात गाठ निघाली, नाशिकला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. पुढे केमो सुरू करायचं होतं. दिलेली तारीख दोनदा टळली. तिसरी तारीख जवळ आली तेव्हा त्यांचे यजमान, आप्पा, आणि मुलगा त्यांना घेऊन माझ्याकडे आले. मुलाचा हेतू सरळ होता: केमो न घेता आईला बरं करायचं, आणि मी तिच्या मनाला उभारी द्यायची.

घरात पथ्य कडक चाललं होतं. मीठ बंद, साखर-गूळ बंद, दूध बंद, गहू बंद, डाळीसुद्धा बंद. सकाळी उठल्यावर गव्हांकुराचा रस, तासाभरानं गोमूत्र अर्क, दुपारी दुधीचा रस, संध्याकाळी गुळवेल, झोपताना हळद-मिरीचा काढा. ऑपरेशनच्या वेळी वजन 61 किलो होतं, माझ्याकडे आल्या तेव्हा 53. मुलगा म्हणाला, "विष बाहेर पडतंय, म्हणून वजन उतरतंय." त्याला तसं सांगितलं गेलं होतं.

इथं मला सुरुवातीच्या वर्षांतले एक गृहस्थ आठवतात. तंबाखूनं गालात झालेली जखम, आणि उपचार एका वैदूचे. मी त्यांना तासभर पुराव्यांनिशी समजावलं की हे सगळं खोटं आहे. माझं एकेक वाक्य बरोबर होतं. ते नमस्कार करून गेले आणि परत आलेच नाहीत. त्या तासानं मला जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नसतं. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांना मानणारी मी. माणूस वादानं बदलत नाही, त्याचं म्हणणं कुणीतरी पूर्ण ऐकलं की त्याचं त्यालाच ते नीट ऐकू येतं, यावर माझा आजही पक्का विश्वास आहे.

म्हणून पहिल्या भेटीत मी एवढंच म्हटलं, "ती दुसरी पिशवी पण वर ठेवा."

मुलगा चपापला. मग एकेक बाटली टेबलावर आली. ही कुणी सांगितली, कुठून आणली, किती पैसे पडले, चवीला कशी, मी विचारत गेले आणि लिहीत गेले. नऊ गोष्टी झाल्या. त्यांतल्या दोन पुड्यांवर आत काय आहे याचा एक शब्दही नव्हता. हा कागद डॉक्टरांना दाखवायचा, एवढं ठरवून आम्ही उठलो. केमो घ्या किंवा घेऊ नका, यातलं मी काहीच बोलले नाही.

दुसऱ्यांदा मी आक्कांशी एकटीनं बोलले. मराठीत बोलताना त्या अवघडत होत्या. मी म्हटलं, आक्का, अहिराणीत बोला, मला समजते. तेव्हा कुठे त्या खुर्चीत टेकून बसल्या.

"एवढं सगळं घेता, कसं लागतं?"

"कडू लागस, माय."

"मग का घेता?"

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोऱ्या आनस. त्याना तोंडकडे देखीसन पी लेस मी."

पोरगा आणतो, त्याच्या तोंडाकडे बघून पिते. नऊ बाटल्यांमागचं कारण हे होतं. गोमूत्रावर त्यांची श्रद्धा होती असं नाही, गव्हांकुराकडून काही आशा होती असंही नाही. मग केमो का नको, हे विचारल्यावर थोरल्या बहिणीचा विषय निघाला. सहा वर्षांपूर्वी तिलाही हाच आजार झाला होता. "तिला इंजेक्शनं सुरू केली आणि महिन्यात गेली." आक्कांच्या मनानं तेव्हाच ठरवून टाकलं होतं की माणूस आजारानं जात नाही, इंजेक्शननं जातो.

त्यानंतर मुलगा एकटा आला. तो काय सांगणार याचा मला थोडा अंदाज होता, तरी ऐकताना अंगावर काटा आला. "मॅडम, माझा पण या बाटल्यांवर फार भरवसा नाही. पण आई इंजेक्शनला तयार नाही. मग मी काय हातावर हात ठेवून बसू? ती घेते आवडीनं, तिला बरं वाटतं, म्हणून आणतो."

ती त्याच्यासाठी पीत होती, तो तिच्यासाठी आणत होता. एकमेकांच्या मायेपोटी दोघं मिळून उपचाराची वेळ घालवत होते, आणि हे एकमेकांना सांगायची सोय त्या घरात नव्हती. शंका काढली तर दुसऱ्याचा धीर खचेल, ही भीती दोघांनाही.

चौथ्या भेटीला मी तिघांना एकत्र बसवलं. "मला जे सांगितलं ते इथं एकमेकांना सांगाल?" एवढंच विचारलं. आधी आक्का बोलल्या. मुलगा आईकडे बघत राहिला, मग मान खाली घालून म्हणाला, "मग मला सांगितलं का नाही तू?" त्या म्हणाल्या, "तू रातले गाडी काढीसन आननास. कसं सांगू?" एका बाटलीसाठी तो रात्री गाडी काढून धुळ्याला गेला होता. त्या प्रवासाची किंमत त्या रोज कडू घोटानं फेडत होत्या.

तोवर आप्पा माझ्यासमोर एक शब्द बोलले नव्हते. टोपी मांडीवर ठेवून भिंतीकडे बघत बसायचे. मी त्यांना काही विचारणार, इतक्यात तेच बोलले. "तुझी बहीण इंजेक्शननं नाही गेली. गाठ दिसल्यापासून आठ महिने पाल्याचं औषध चालू होतं. दवाखान्यात नेली तेव्हा पोटात पाणी झालं होतं. मी होतो ना सोबत." आठ महिने कुणाच्या सांगण्यावरून गेले, हे उघड केलं तर सासरच्या गोतावळ्यात वाईटपणा येईल, म्हणून सहा वर्षं हा माणूस गप्प होता.

आक्का रडल्या. मी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकानं बोलायचं नसतं, हे मला आता जमतं आणि त्याचा मला अभिमान आहे. निघताना आक्कांनी मुलाला विचारलं, "तारीख कव्हय शे?" केमोची तारीख कधी आहे?

एवढ्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय ते हे, की काढ्याचा प्रश्न क्वचितच काढ्याचा असतो. कॅन्सर झाला की सगळं डॉक्टरांच्या हाती जातं. रुग्णाला करायला काही उरत नाही, घरच्यांना तर त्याहून नाही. मग हाताला जे सापडेल ते माणूस करतो. ती बाटली हिसकावून घेतली तर हात पुन्हा रिकामे होतात. म्हणून नातेवाइकांना मी आधी विचारते: हे कुणासाठी चाललंय? आणि घेणाऱ्याला आवडतंय का, हे त्याला कधी विचारलंत?

आता औषधाबद्दल. "सगळं झाडपाल्याचं म्हणजे खोटं" असं मी म्हणत नाही. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या. तिच्यापासूनच विनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही केमोची औषधं निघाली आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहेत. पण तो अंश वेगळा काढून, मोजून, अंगाच्या आकारमानाप्रमाणे शिरेतून देतात. तीच पानं घरी चावून खाल्ली तर किती पोटात गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि त्यातून विषबाधा होऊ शकते. गुळवेलीचंही तसंच. ती घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. केमोची कितीतरी औषधं यकृतातूनच जातात, त्यामुळे त्या काळात यकृतावर आणखी भार नको. घेताय ते सगळं, हळदीच्या गोळ्यांसकट, कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तरी दाखवा.

केमोऐवजी दुसरं काही घेण्याबद्दल मात्र मी आडपडदा ठेवत नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, बऱ्या होण्याजोग्या कॅन्सरमध्ये नेहमीचे उपचार टाळून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट दिसला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त होता. उपचारासोबत, डॉक्टरांना सांगून प्राणायाम, हलकी आसनं, भजन, नामस्मरण यांतलं जे मनाला धरून ठेवतं ते जरूर करा. उपचाराच्या जागी काही नको. आणि जो कुणी "आधी केमो बंद करा, मग मी औषध देतो" म्हणेल, खात्री देईल, पुडीत काय आहे ते सांगणार नाही, त्याच्या दारातून मागे फिरा. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे 1954 च्या कायद्यानं बंदी आहे, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. काही जण निव्वळ खर्चाला भिऊन वैदूकडे वळतात. त्यांनी आधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. तिच्यात केमो आणि शेक, म्हणजे रेडिएशन, दोन्ही बसतात.

खाण्याबद्दल सगळ्यात जास्त घोळ असतो. "साखर बंद केली की गाठ उपाशी मरते" हे मी दर आठवड्याला ऐकते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवलं की कॅन्सरच्या पेशी साखर भराभर वापरतात. तेवढं खरं. पण तुम्ही गोड सोडलं तरी शरीर भाकरीतून, भातातून, तेही नसेल तर स्वतःच्या स्नायूंतून साखर तयार करतं. गाठ उपाशी राहत नाही, माणूस वाळतो. आक्कांचे आठ किलो असेच गेले होते. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर सांगतील तसं. केमोत पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा कच्चे रस, उघड्यावरचा बर्फ, न धुतलेला पाला यांतून जंतू गेले तर ताप येऊन ॲडमिट व्हावं लागतं. या दिवसांत प्रथिनं लागतात आणि ताजं, शिजवलेलं, पोटाला झेपेल असं अन्न लागतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी आक्कांना विचारलं, घरी काय खात होता? कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, वांग्याचं भरीत, ताक. बाई हसून म्हणाल्या, "मग हेच खा." कळण्यात ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले असतात. धान्यात प्रथिनांचा जो भाग कमी असतो तो डाळ भरून काढते. तोंड आलं तर भाकरी ताकात कुस्करायची, ठेचा काही दिवस दूर ठेवायचा, अंडं चालत असेल तर उकडून घ्यायचं. महागडी पावडर नाही, परदेशी फळ नाही. मुलाला खरं वाटेना. ज्या पानातून ती डाळ उचलून ठेवली होती त्याच पानात ती परत वाढायला सांगितली होती.

पहिल्या केमोनंतर आक्का थकल्या, केस गेले, दोन दिवस उलट्या झाल्या. माझ्या जास्त मनाला लागलं ते पुढचं. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. व्यायाम शिकवलेला होता, त्या करत नव्हत्या. मी विचारलं, या हातानं घरात काय करायच्या? त्या म्हणाल्या, "मांडे." आणि पदर खोचून उभ्याच राहिल्या. खापरावरची पुरणपोळी दोन्ही हातांवर कशी खेळवायची, या हातावरून त्या हातावर कशी मोठी करत न्यायची, ते दाखवायला लागल्या. उजवा हात सहज फिरला. डावा छातीपाशीच अडला. त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "आखाजीले पोरी येतीन." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकी माहेरी येतात तो सण.

तेव्हापासून व्यायामाची आठवण कुणाला करून द्यावी लागली नाही. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, पोचतील तिथं मुलगा खडूनं रेघ मारतो. बाटल्या आणायचं काम सुटलं, हे लागलं. घरात त्या रेघा कोपऱ्यातल्या दारापाशी आहेत, शेजारी तारखा लिहिलेल्या. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला चटका, जखम, सुई यांपासून जपावं लागतं, म्हणून खापरापाशी सून उभी राहील आणि आक्का फक्त पीठ तिंबतील, पोळी हातावर घेतील, असं घरानं ठरवलं. ते मी सुचवलेलं नव्हतं.

पुढचे रिपोर्ट काय येतील ते मला सांगता येणार नाही, आणि आक्कांनी मला ते विचारलेलंही नाही. आखाजीनंतरच्या आठवड्यात मुलगा एकटाच आला. हातात एकच पिशवी, आत स्टीलचा डबा, घडी घातलेले चार मांडे.

"आई म्हणाली, मॅडमना सांग, कडेला जाड ऱ्हायनात. हात अजून चार बोटं कमी शे."