स्टोरीलाइनमध्ये (ई-लर्निंग कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर) सगळी बटणं बघितल्याशिवाय 'नेक्स्ट' चालू होऊ नये, ट्रिगर ('अमुक झालं की तमुक कर' असे आदेश) कसे लावू?

तीन बटणं, प्रत्येकाचा एक लेयर (स्लाइडवर उघडणारा थर) आणि तिन्ही उघडल्यावरच पुढची स्लाइड, एवढंच हवं असेल तर व्हेरिएबलच्या (माहिती साठवायच्या चलाच्या) भानगडीत पडू नका. स्टेटवर, म्हणजे बटणाच्या बदलत्या रूपावर, काम भागतं.

प्रत्येक बटणाला 'व्हिजिटेड' (बघून झालेलं) ही तयार स्टेट जोडा. क्लिक केल्यावर ती आपोआप लागते, त्यासाठी वेगळा ट्रिगर लावू नका. मग दोन ट्रिगर लावा: टाइमलाइन सुरू होताना (म्हणजे स्लाइड उघडताना) नेक्स्ट 'डिसेबल्ड' (बंद), आणि तिन्ही बटणं व्हिजिटेड झाली की नेक्स्ट 'नॉर्मल' (चालू).

बहुतेकांचं घोडं पुढे अडतं. शिकणारा मागे येतो आणि नेक्स्ट पुन्हा बंद! म्हणून पहिल्या ट्रिगरला अट घाला: बटण १ व्हिजिटेड नसेल, किंवा २ नसेल, किंवा ३ नसेल, तरच बंद कर. इथे 'अँड' नाही, 'ऑर' निवडायचं. शिवाय स्लाइडच्या सेटिंगमध्ये 'व्हेन रिव्हिजिटिंग'ला 'रिझ्यूम सेव्ह्ड स्टेट' ठेवा, म्हणजे परत आल्यावर स्लाइड आधी होती तशीच दिसते.

आणि कृपया, महत्त्वाचा मजकूर फक्त हॉवरवर (माउस वर नेल्यावरच दिसेल असा) दडवू नका. मोबाइलवर बोटाने हॉवर होत नाही, कीबोर्डवरून कोर्स करणाऱ्यालाही तो सापडत नाही. क्लिकच ठेवा.