जादा युरिया, पेटवलेले पाचट आणि ‘हरितगृह’ वायू

प्रश्न : हरितगृहामुळे तापमान वाढते असे वाचले. आमच्या भागात पॉलिहाऊस वाढलीत, त्याचाच हा परिणाम का? दुकानदार म्हणतो, हवामान बदलले, आता जुना डोस चालत नाही. उसाच्या खोडव्याला (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या पिकाला) एकरी नऊ पोती युरिया आणि वर टॉनिक सांगतोय. पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवावे की ठेवावे? जमीन मध्यम काळी, पाणी पाटाचे.

उत्तर : पॉलिहाऊसचा काही संबंध नाही, घोळ नावाचा आहे. पॉलिहाऊसचा कागद गरम हवा आत कोंडतो. वातावरणात कागद नाही. तिथे कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड हे वायू जमिनीतून वर निघालेली उष्णता शोषतात आणि त्यातली बरीचशी परत खाली सोडतात. हे मुळात हवेच, नाहीतर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंशांच्या आसपास राहिले असते. बिघडले ते प्रमाण. कारखानदारीच्या आधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेलाय. त्याला मुख्य कारण कोळसा, डिझेल, पेट्रोल. देशाच्या एकूण उत्सर्जनात शेतीचा वाटा साधारण १३-१४ टक्के, आणि त्यातही जनावरांच्या रवंथातला व भातखाचरातला मिथेन पुढे. ऊसवाल्यांच्या खात्यावर पडतो तो नायट्रस ऑक्साइड, आणि तो येतो युरियातून. वजनास वजन धरले तर शंभर वर्षांत तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो.

आता दुकानदाराचा हिशोब तपासू. खोडव्याची शिफारस एकरी १००:४६:४६ किलो नत्र, स्फुरद, पालाश. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र २०.७ किलो, म्हणजे सगळे नत्र युरियातून दिले तरी पाच पोती पुरतात. डीएपी किंवा १०:२६:२६ अशी नत्र असलेली मिश्र खते वापरत असाल तर त्यातले नत्र वजा करा. ही वजाबाकी दुकानात कोणी करून देत नाही. वरची चार पोती म्हणजे ८३ किलो नत्र, पिकाला नको असलेले. टाकलेल्या नत्राचा सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतो असे धरतात. म्हणजे ८३० ग्रॅम नत्र, ऑक्सिजन जोडला गेल्यावर १.३ किलो वायू. तापवण्याच्या हिशोबाने ३५५ किलो कार्बन डायऑक्साइड, जवळपास १३० लिटर डिझेल जाळल्यासारखे. एका एकरात, विनाकारण. वर ऊस लुसलुशीत होतो, लोळतो, कीड वाढते, साखरेचा उतारा घसरतो. हवामान बदलले म्हणून डोस वाढत नाही. बदलत असेल तर द्यायची वेळ बदलते.

वेळेचेच जास्त चुकते. युरिया फोकला आणि लगेच सरी तुडुंब भरली, की मातीतली हवा संपते आणि जिवाणू नायट्रेट फोडून वायू करतात. कोरड्या उन्हात वर पसरून ठेवला तर अमोनिया होऊन उडतो. म्हणून वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) असताना द्या, मातीआड द्या आणि पाणी हलके द्या. मोठा पाऊस तोंडावर असेल तर पोते फोडूच नका. निमकोटेड (निंबोळी तेलाचा थर दिलेला) आहे म्हणून कसाही टाकला तरी चालतो, हेही दुकानातलेच ज्ञान.

खोडव्याला पहारीने खत देणे ही आमची पहिली पसंती. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटरवर, १५ ते २० सेंटिमीटर खोल छिद्र, दोन छिद्रांत ३० सेंटिमीटर. अर्धी मात्रा तोडणीनंतर १५ दिवसांच्या आत, उरलेली १३५ दिवसांनी सरीच्या विरुद्ध बाजूला. छिद्र मातीने बुजवा. मजुरी जास्त वाटते, पण चार पोती वाचतात आणि खत मुळाशी जाते.

पाचट पेटवू नका. त्यातला कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला, हे खरे. पण जळताना काजळी, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही निघतो आणि एकरी तीन-चार टन पाचटातले पाऊण पोते युरियाइतके नत्र धुरात जाते. पाचट बुडख्यांवरून ओढून सरीत दाबा. बुडखे जमिनीलगत छाटून कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक लिटरला एक ग्रॅम फवारा. पाचटावर एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि चार किलो पाचट कुजवणारे जिवाणू शेणखतात मिसळून टाका, मग पाणी. हे टाळले की जिवाणू कुजवण्यासाठी जमिनीतले नत्र ओढतात, फुटवा पिवळा पडतो आणि दुकानदार लगेच म्हणतो, ‘बघा, पाचटाने ऊस खाल्ला, टॉनिक मारा.’ पिवळेपणा नत्राच्या ओढाताणीचा आहे, टॉनिकने जात नाही. पाणथळ जमिनीत मात्र आधी चर काढा.

युरियाचे पोते २६६ रुपये ५० पैशांचे. त्याबरोबर दुसरे काही गळ्यात मारणे, म्हणजे लिंकिंग, बेकायदा आहे. पक्के बिल मागा. देत नसेल तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या. पाचट कुट्टीच्या मल्चर यंत्राला कृषी यांत्रिकीकरण योजनेतून अनुदान आहे : महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, शेतकरी ओळख क्रमांक, पूर्वसंमती. संमतीआधी यंत्र घेतले तर अनुदान विसरा. कार्बन क्रेडिटच्या (उत्सर्जन कमी केल्याबद्दल पैसे मिळण्याच्या) नावाने नोंदणी फी मागणाऱ्याला चहा पाजा, पैसे देऊ नका.

एक राहिले. १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवूच नका. उन्हात फुटवा मरतो, मग कितीही पोती ओता.