तारणानंतरचा सोमवार

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं लांबलचक पत्र पोचलं. पानभर प्रश्न आहेत, पण खरा प्रश्न तू अगदी शेवटी, जाता जाता विचारावा तसा विचारलायस. तारण, म्हणजे पापातून सुटका, जर फुकट मिळालंय, माझ्या करण्या-न करण्यावर ते अवलंबूनच नाही, तर रोज मन मारून जगायचं कशासाठी? आणि त्याच्या लगेच खाली : मी पुन्हा पुन्हा तिथेच घसरते, मग माझं तारण खरंच झालंय का? पहिल्या ओळीत तू कृपेला, देवाच्या या फुकट देण्याला, गृहीत धरलंस आणि दुसऱ्या ओळीत तिच्यावर विश्वासच ठेवला नाहीस. घाबरू नकोस, बहुतेकांच्या मनात ही दोन्ही माणसं शेजारी-शेजारी राहतात.

पहिला प्रश्न तुझ्याआधी प्रेषित पौलानेच रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या विश्वासी लोकांना, लिहिलेल्या पत्रात मांडून ठेवलाय. कृपा वाढावी म्हणून पापात राहावं का, असं तो सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच विचारतो. मला त्या प्रश्नाचं एक महत्त्व वाटतं. कृपेचा संदेश खरोखर कृपेचा असेल, तरच ऐकणाऱ्याच्या मनात ही शंका येते. ‘चांगलं वागा, मग देव स्वीकारेल’ असं सांगणाऱ्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. म्हणजे तुला शंका आली याचा अर्थ तू संदेश नीट ऐकलास. पौलाचं उत्तर मात्र फायद्या-तोट्याचं नाही. पाप केलंस तर शिक्षा होईल, असं तो तिथे म्हणत नाही. तू पापाला मेलीस, असं म्हणतो. बाप्तिस्म्यात तू ख्रिस्ताबरोबर पुरली गेलीस, त्याच्याबरोबर उठवली गेलीस. मेलेल्या माणसाने जुन्या मालकाची चाकरी कशी करायची?

आता क्रम बघ. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातल्या दहा आज्ञा तुला पाठ आहेत, पण त्यांच्या आधीचं वाक्य आपण घाईत ओलांडतो : तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं तो मी परमेश्वर तुझा देव आहे. सुटका आधी झाली, समुद्र आधी दुभंगला, आज्ञा नंतर आल्या. मिसरच्या राजाच्या, फारोच्या विटा पाडत असताना इस्राएली लोकांना कोणी म्हटलं नव्हतं की या दहा गोष्टी वर्षभर पाळून दाखवा, मग सोडवतो. इफिसकरांच्या पत्रातही तसंच. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्मांनी नव्हे, हे आठवं-नववं वचन आपण भिंतीवर लावतो. दहावं लावत नाही. त्यात लिहिलंय की आपण देवाची हस्तकृती आहोत, सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले, आणि ती कृत्यंही त्याने आधीच योजून ठेवली आहेत. तेव्हा पवित्र जीवन म्हणजे तारणाचे हप्ते नव्हेत. कर्ज फिटलेलं आहे, एकरकमी, दुसऱ्याने फेडलंय. हप्ते भरत बसशील तर फेडणाऱ्याचा अपमान करशील.

पौलाने आपला सहकारी तीत याला लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय एकदा सावकाश वाच. ‘देवाची कृपा प्रकट झाली आहे’ हे अकरावं वचन आपण नाताळात वाचतो आणि तिथेच थांबतो. बारावं म्हणतं की ही कृपा शिकवते : अभक्ती आणि ऐहिक वासना सोडून समंजसपणे, न्यायाने, भक्तीने वागायला शिकवते. कृपा नुसती माफ करून निघून जात नाही, ती घरात राहून शिकवणी घेते. आणि हे इतकं उंच वाक्य कशाला जोडून आलंय, पाहिलंस? त्याच्या अगदी आधी पौल क्रेत बेटावरच्या दासांना सांगतोय की उलट उत्तरं देऊ नका, मालकाच्या वस्तू लांबवू नका. देवाची सगळ्या मानवजातीला तारणारी कृपा आणि कोठारातून काही उचलून न नेणं, दोन्ही एकाच दमात. (दासांना असं सांगावं लागावं ही त्या काळाची व्यवस्था, तिचं समर्थन मी करत नाही. पण पवित्रतेचा पत्ता पौल कुठे शोधतो ते बघ.)

तो पत्ता मोशेनेही तिथेच दिला होता. ‘तुम्ही पवित्र असा, कारण मी पवित्र आहे’ हे प्रभूचा शिष्य पेत्र याने आपल्या पहिल्या पत्रात घेतलेलं वचन लेवीय या मोशेच्या पुस्तकातलं. लेवीयाचा एकोणिसावा अध्याय त्यानेच सुरू होतो. वाचणाऱ्याला वाटतं, आता डोंगरावर चढायला, चाळीस दिवस उपास करायला सांगतील. पुढे येतं काय? शेताच्या कडा कापू नका, गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःकडे ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. पिकल्या केसांपुढे उठून उभे राहा. तराजू खरा, वजनं खरी. बहिऱ्याला दिलेली शिवी त्याला ऐकूच येणार नाही, आंधळ्याला दगड कोणी ठेवला ते कधी कळणार नाही. म्हणजे जिथे पकडले जाण्याची शक्यताच नाही, नेमकी तिथे देवाने स्वतःची आठवण करून दिलीय. आणि याच यादीत, मजुरी आणि तराजू यांच्यामध्ये, चहाड्या करत फिरू नको असंही आहे.

यावरून तुझ्या ऑफिसातल्या त्या गोष्टीवर येते. तू तिला पत्रात चार ओळी दिल्यास आणि उपासनेत मन लागत नाही यावर दोन पानं लिहिलीस. मला वाटतं दोन्ही एकच गोष्ट आहे.

अहवालात चुकीचा आकडा तू भरलास. साहेबांनी विचारलं तेव्हा तू गप्प राहिलीस, आणि बोलणी बसली ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीला. तू खोटं काही बोलली नाहीस, असं तू दोनदा लिहिलंयस. बरं. पण त्यानंतर रोज प्रार्थनेत क्षमा मागतेस आणि रोज तिच्याबरोबर चहा पितेस. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने सांगितलंय की वेदीपाशी अर्पण नेताना आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. देवाला अर्पणाची घाई नव्हती. तिच्या मनात तुझ्याविरुद्ध काही नाही, कारण तिला माहीतच नाही. मी म्हणते, म्हणूनच तू आधी जायला हवंस.

जा, आणि समोरासमोर बोल. मेसेज नको, मेसेज आपण दहादा खोडून सुंदर करतो आणि सुंदर करता करता त्यात आपलीच बाजू शिरते. एवढंच सांग : ‘तो आकडा मी भरला होता. साहेबांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले आणि ऐकून तुला घ्यावं लागलं. मी आज त्यांनाही सांगणार आहे.’ आणि थांब. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ म्हणू नकोस, तिला वाईट वाटलंच होतं. ‘पण त्या दिवशी कामाचा इतका ताण होता’ हे तर तोंडातच ठेव. आणखी एक, हे माझं वैयक्तिक मत आहे : तिथे ‘प्रभूने माझ्याशी बोलून मला पाठवलं’ हे काढू नकोस. माफी मागायला जाऊन आपण साक्ष देऊन आलो तर त्या बिचारीला आपली पाठच थोपटावी लागते. ती चिडली तर चिडू दे. लगेच माफ केलं नाही तर तो तिचा हक्क आहे. साहेबांकडे तुझी किंमत कमी झाली तर ती होईल.

लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाचं बघ ना. प्रभूला बघायला तो झाडावर चढला होता; प्रभूने त्याला उतरवलं तेव्हा अट घातली नव्हती. आज तुझ्या घरी उतरायचंय, एवढंच म्हटलं. लोक कुरकुरले. मग तो उभा राहिला आणि अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला फसवलं त्याला चौपट, असं बोलून गेला. आपणहून कबुली देणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, इतकंच नियमशास्त्रात, गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात आहे. हा चौपटीवर गेला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ज्याला आधीच घरात घेतलंय तो हिशेब असा सैल हाताने करतो. तुला साहेबांपुढे जायची ताकद हवी असेल तर स्वतःला दटावून ती येणार नाही. तुझ्या घरी कोण उतरलाय ते आठवून बघ, तिथून येईल.

आता दुसरा प्रश्न, पुन्हा पुन्हा घसरण्याचा. नीतिमान ठरवलं जाणं, म्हणजे देवाने आपल्याला निर्दोष म्हणून स्वीकारणं, एका क्षणाचं असतं; पवित्रीकरण, म्हणजे आपलं जगणं पवित्र होत जाणं, आयुष्यभर चालतं. ते या जन्मी पूर्ण होतं की नाही यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. अठराव्या शतकातला इंग्रज उपदेशक जॉन वेस्ली प्रीतीतल्या परिपूर्णतेची आशा धरायला सांगे, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतले लोक मरेपर्यंत झगडा आहे म्हणतात. त्या वादात आत्ता पडू नकोस. करिंथच्या मंडळीकडे बघ. तिथे गट पडले होते, विश्वासी एकमेकांना कोर्टात खेचत होते, प्रभुभोजनाला एक उपाशी तर दुसरा मद्याने झिंगलेला. आणि त्यांना पत्र लिहिताना पौल पहिल्याच ओळींत त्यांना ख्रिस्त येशूमध्ये पवित्र केलेले लोक म्हणतो, मग पुढे सोळा अध्याय त्यांची कानउघाडणी करतो. ओळख काढून घेऊन तो रागावत नाही. ‘तुम्ही पवित्र असा’ असं लिहिणारा पेत्रसुद्धा, पवित्र आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टनंतर किती वर्षांनी, अंत्युखिया शहरात माणसांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठला आणि पौलाला त्याला तोंडावर सुनवावं लागलं.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन. मार्च १७४८ मध्ये अटलांटिकवर जहाज वादळात सापडलं, त्याने देवाचा धावा केला आणि तो दिवस आयुष्यभर आठवणीने पाळला. त्यानंतर मात्र तो गुलामांच्या जहाजांवर पुन्हा गेला, कप्तान झाला, आणि रविवारी खलाशांना जमवून उपासना घेत असे. खाली तळघरात साखळदंडात माणसं होती. १७५४ मध्ये समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. या धंद्याविरुद्ध त्याने उघडपणे लिहिलं ते १७८८ मध्ये, आपण त्यात सहभागी होतो आणि आता त्या आठवणीने अंतःकरण कापतं, अशी कबुली देऊन. पुढे संसदेच्या समितीपुढेही साक्ष दिली. ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा १८०७ मध्ये झाला, त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो वारला. वादळातली त्याची हाक खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण कृपेने हात धरल्यावरही माणूस किती वर्षं एका बाजूने आंधळा राहू शकतो, आणि त्याची किंमत दुसऱ्यांना कशी मोजावी लागते, हे त्यात दिसतं. म्हणून ‘देव हळूहळू बदलतो’ हे वाक्य मी जपून वापरते. आपल्या हळूहळूखाली कोणीतरी दबलेलं असू शकतं. तुझ्या बाबतीत ती शेजारच्या टेबलावरची मुलगी होती.

योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो की तुम्ही पाप करू नये म्हणून हे लिहितोय, आणि त्याच वचनात पुढे, पण कोणी केलंच तर पित्याजवळ आपला कैवारी आहे. दोन्ही अर्धी वाक्यं एकत्र धर. नुसतं पहिलं धरलंस तर खचशील. नुसतं दुसरं धरलंस तर निर्ढावशील. आणि तुझं तारण खरं की खोटं हे घसरण्यावरून तपासू नकोस. पाप पूर्वी गोड लागायचं आणि आता घशात अडकतं ना? मेलेल्याला ठसका लागत नाही.

तरुण संघात तुम्ही नियमांची यादी करताय असं लिहिलंयस. कोणते कपडे, कुठली गाणी, किती वाजेपर्यंत फोन. करा हवी तर, फोनचा नियम तर चांगलाच आहे. पण कलस्सैकरांच्या पत्रातलं ‘हाती धरू नको, चाखू नको, स्पर्श करू नको’ वाचा. असल्या नियमांत ज्ञानाचा नुसता देखावा असतो आणि देहाच्या लालसेला त्यांचा काही अटकाव होत नाही, असं पौल म्हणतो. यादी पाळणाऱ्याला यादी न पाळणारे लगेच दिसायला लागतात, हा मी पाहिलेला तिचा पहिला परिणाम.

त्यापेक्षा एखादी वयाने मोठी, तोंड बंद ठेवू शकणारी बहीण शोध आणि याकोब आपल्या पत्रात म्हणतो तसं आपलं पाप तिच्यापुढे नावानिशी कबूल कर. ‘माझ्यात खूप उणिवा आहेत’ ही कबुली नव्हे. ‘मी गप्प बसून दुसरीला बोलणी खाऊ दिली’ ही कबुली. प्रार्थनाही तशीच कर. रोमकरांच्या पत्राचे सहा, सात, आठ हे अध्याय एका बैठकीत वाच. सातवा पापाशी झगडण्याचा आहे, त्याच्यावर पुस्तक मिटू नकोस, तिथे मिटणारे फार दुःखी राहतात.

साहेबांशी सोमवारी सकाळीच बोल, दुपारपर्यंत ठेवलंस तर मन हजार कारणं काढेल. मी त्या वेळी प्रार्थनेला बसेन. झाल्यावर फोन कर, आणि ती मुलगी काय म्हणाली ते आधी सांग, साहेबांचं नंतर.

तुझी,
मावशी